काकांनी वजीर घेतलाच नाही

पाचवी खेळी होती. पांढऱ्या मोहऱ्यांमागं बारा वर्षांची मुलगी, काळ्यांमागं बँकेतून निवृत्त झालेले काका, गळ्यात मफलर तसाच. मुलीनं एफ३वरचा घोडा उचलला, ई५वरचं प्यादं मारलं, घड्याळ दाबलं आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली. ही सवय मीच लावलेली. हात मोकळे असले की पोरं मोहऱ्यांना चाळवतात.

त्या घोड्याच्या मागं तिचा वजीर होता. घोडा हलला तसं काकांचा जी४वरचा उंट आणि तिचा डी१वरचा वजीर यांच्यामध्ये काहीच उरलं नाही. वजीर उघडा पडला. नऊ गुणांचं मोहरं, डाव सुरू होऊन दोन मिनिटं झालेली, आणि फुकट.

काकांचा हात उंटाकडं निघाला. उंटाच्या टोकापासून बोटभर अंतरावर थांबला. हात लागला असता तर उंट खेळावाच लागला असता. स्पर्धेत मोहरं शिवलं की सुटका नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, लागू दे, लागू दे. हात मागं गेला. काकांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग सी६वरच्या घोड्यानं ई५वरचा घोडा मारला आणि शांतपणे घड्याळ दाबलं.

वजीर घेतलाच नाही.

मुलीचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ एकदम लहान झाली.

या एका डावाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. मी दिवसा गणित शिकवतो आणि संध्याकाळी सदरमधल्या आमच्या गच्चीवर पोरांना बुद्धिबळ. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकली, त्याच विजयानं भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, आणि त्यानंतर नागपुरात मुलींना बुद्धिबळ शिकवायचं का असं विचारायला कोणी येत नाही. थेट फी विचारतात. ही मुलगी त्याच लाटेत आली. हुशार आहे, धीट आहे, थोडी घाईची आहे. तिची, तिच्या आईची आणि काकांची परवानगी घेऊनच लिहितो आहे. नावं नकोत असं तिघांचंही म्हणणं पडलं.

डाव

चाली लिहून ठेवायची रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या झटपट डावात, सक्ती नसते, पण माझ्याकडच्या पोरांनी निदान पहिल्या पंधरा खेळ्या लिहायच्या असा नियम आहे. त्यामुळं डाव जसाच्या तसा हाताशी आहे. पट समोर मांडून वाचलात तर बरं. पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच या उभ्या रांगा, त्याच्या बाजूनं वर एक ते आठ या आडव्या.

पांढऱ्याचं राजाचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा सी६. पांढरा उंट सी४, काळं प्यादं डी६. पांढरा दुसरा घोडा सी३, काळा उंट जी४. इथवर सगळं पाठ्यपुस्तकी. काळ्याच्या उंटानं एफ३वरचा घोडा वजिरासमोर जखडून ठेवलाय. घोडा हलला तर वजीर जातो, म्हणून घोडा हलत नाही, असं काळा समजून चालतो.

आणि पाचव्या खेळीला घोडा हलला.

तिला काय दिसत होतं ते आधी सांगतो, कारण ते खरोखर देखणं आहे. काळ्यानं उंटानं वजीर खाल्ला, की पांढरा सी४वरचा उंट एफ७चं प्यादं मारून शह देतो. त्या उंटाला ई५वरच्या घोड्याचा जोर आहे, म्हणून राजाला तो खाता येत नाही. राजाला एकच घर उरतं, ई७. मग सी३वरचा घोडा डी५वर येतो आणि शह. आता राजाची घरं मोजा. डी८वर स्वतःचा वजीर, एफ८वर स्वतःचा उंट, डी६वर स्वतःचं प्यादं. ई८ आणि ई६ ही दोन्ही घरं एफ७वरच्या उंटाच्या माऱ्यात. डी७वर ई५चा घोडा, एफ६वर डी५चा घोडा. एफ७वरचा उंट खावा तर त्याला जोर. डी५वरचा घोडा खायला काळ्याचं एकही मोहरं पोचत नाही. मात. पांढऱ्याकडं वजीरच नाही आणि काळ्याचा वजीर राजाला खेटून उभा आहे, त्याच्या वाटेत आडवा.

पॅरिसमध्ये १७५०च्या सुमाराला लेगालनं ही मात सेंट ब्रीला दिली आणि तेव्हापासून तिला लेगालचंच नाव आहे. लेगाल म्हणजे अठराव्या शतकातला नावाजलेला खेळाडू फिलिडोर, त्याचा गुरू. पावणेतीनशे वर्षं झाली, पण पहिल्यांदा बघणाऱ्या पोराच्या तोंडून अजूनही ‘ओऽऽ’ निघतं. मीही त्या ‘ओऽऽ’साठीच ती दाखवत आलोय, हे कबूल करायला हवं.

पटावर प्रत्यक्षात झालं ते असं. काकांनी घोड्यानं घोडा खाल्ला. आता तो काळा घोडा ई५वरून दोन कामं करतोय: पांढऱ्या सी४च्या उंटावर मारा, आणि आपल्याच जी४च्या उंटाला जोर. दुसरं काम महत्त्वाचं. तो जोर नसता तर मुलीनं वजिरानं जी४चा उंट उचलला असता. आता उचलला तर घोडा वजीर खातो. शिवाय तिचा वजीर अजून उंटाच्या माऱ्यात आहेच. तिनं उंट ई२वर मागं घेतला, काकांनी उंटानं उंट मारला, तिनं वजिरानं मारला. एक घोडा गेला, बदल्यात एक प्यादं. पुढच्या सव्वीस-सत्तावीस खेळ्यांत काकांनी गडबड केली नाही. जोडीजोडीनं मोहरी मारामारीत काढली, प्यादं सरकवत नेलं, आणि डाव संपला. तो भाग सांगण्यासारखा नाही. एका घोड्यानं पुढं असलेला सावध माणूस जसा जिंकतो, तसे ते जिंकले.

घड्याळ आणि मोर्चा

कारणं शोधायला बसलो तेव्हा पहिलं बोट घड्याळाकडं गेलं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. डिसेंबरचा शनिवार, हिवाळी अधिवेशन चालू. सदरहून स्पर्धेला रेशीमबागेकडं जायचं तर मधे विधान भवन आणि सीताबर्डीचा सगळा पट्टा. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला कुठलासा मोर्चा अडवलेला, बॅरिकेड लावलेले, पोलिस गाड्या वळवत होते. आई स्कूटीवर, मुलगी मागं बॅग पोटाशी धरून. पोचल्या तेव्हा पहिली फेरी सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती. पंधरा मिनिटांच्या डावात सहा मिनिटं म्हणजे जवळजवळ अर्धा जीव. दर खेळीला दहा सेकंद मिळतात, ते आपले ऑक्सिजनच्या नळीसारखे.

नऊ मिनिटं हातात असलेल्या पोरानं काय करावं? लवकर जिंकायचा रस्ता दिसला तर धरावा. तिनं तेच केलं. पण घड्याळावर सगळं ढकलून मी मोकळा होऊ शकत नाही. ती खेळी करायला तिनं अकरा सेकंद घेतले, हे तिनंच नंतर सांगितलं. वेळ नव्हता म्हणून अकरा नव्हे. अकरा सेकंदांत विचार संपला म्हणून अकरा. तिच्या लेखी प्रश्नच शिल्लक नव्हता.

डाव संपल्यावर आई बाहेर पार्किंगमध्ये माझ्यावर घसरली. “सर, क्वीन काऊन देऊन टाकली हिनं? सकाळपासून किती धावपळ करून आणलं मी हिला!”

मुलगी म्हणाली, “दिली नाही गं आई. त्यांनी घेतलीच नाही ना.”

हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर राहिलं. तिची तक्रार होती ती. काकांनी नियम मोडला अशा सुरात.

काका तोवर पायरीवर बसून तर्री पोहे खात होते. प्लेट हातात घेऊनच आमच्याकडं आले. “पोरी, माझा हात गेलाच होता ना! तू बघितलंच असशील. मग म्हटलं, थांब बाप्पा. बँकेत पस्तीस वर्षं काढली मी. समोरचा हसत हसत पैसे द्यायला लागला की पहिले कागद वाचायचे.” मग मला म्हणाले, “तुम्ही शिकवून राहिले का हे? छान आहे. पण अर्धंच शिकवून राहिले.”

पोहे खाता खाता सांगितलं त्यांनी. मला मात्र ते पोह्यांसारखं सहज गिळता आलं नाही.

अर्धं

घरी जाऊन जुनी वही काढली. लेगालचा डाव मी पोरांना ज्या क्रमानं दाखवतो तो असा: ई४, ई५. घोडा एफ३, प्यादं डी६. उंट सी४, उंट जी४. घोडा सी३, आणि इथं काळा जी६ अशी एक सुस्त प्यादेखेळी करतो. मग घोडा ई५ मारतो, आणि पुढचं सगळं वर सांगितलं तसं. सात खेळ्यांत मात.

फरक दिसला? माझ्या वहीतल्या डावात काळ्याचा वजिराकडचा घोडा बी८वर, आपल्या घरात झोपलेला आहे. काकांचा घोडा सी६वर जागा होता. वहीतल्या डावात काळ्यानं वजिराला हात न लावता डी६च्या प्याद्यानं ई५चा घोडा खाल्ला, तर पांढरा वजीर जी४चा उंट घेतो आणि एक प्यादं वर राहतो. म्हणजे तिथं वजीर घेतला तरी पांढरा खूश, नाही घेतला तरी खूश. सौदा पक्का. काकांच्या डावात तिसरा ग्राहक होता, सी६चा घोडा, आणि त्यानं सगळा भाव पाडला.

तिच्यासमोरच्या स्थितीत काळ्याची तीन उत्तरं होती. उंटानं वजीर खा: मात. प्याद्यानं घोडा खा: पांढरा एक प्यादं वर. घोड्यानं घोडा खा: पांढरं एक मोहरं खाली. तीनपैकी दोन तिच्या बाजूची. शाळेच्या पेपरात सहासष्ट टक्के म्हणजे पहिला वर्ग. पटावर नापास, कारण समोरचा तिसरंच उत्तर लिहितो.

मी तिला शेवटचं चित्र शिकवलं होतं. राजा ई७वर, भोवती दोन घोडे आणि उंट. ते चित्र तिच्या डोळ्यांत इतकं पक्कं बसलं की तिनं पटाची उजवी बाजू पाहिली, एफ७ पाहिलं, डी८, एफ८, डी६ तपासलं, सगळं जागेवर सापडलं आणि ती निघाली. डाव्या बाजूला, सी६वर, कोण उभा आहे हे बघायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘कोणी’ म्हणजे मी.

मोबाइलवरच्या रीलांवर मला थोडा राग काढू द्या. वजीर दिला, समोरच्यानं हपापून घेतला, मात, वर दोन उद्गारचिन्हं आणि ढोलताशा. तिथला समोरचा नेहमी घेतो. घेतला नाही तर रील कशाची बनणार? पोरं असली शंभर-शंभर बघतात आणि त्यांच्या मनात बसतं की वजीर देणं हे धाडस आहे. धाडस कसलं? हिशोब आहे तो. आणि बेरजेचा अर्धाच कागद दाखवायचा ही चलाखी रीलवाल्यांची असेल, पण त्या शनिवारच्या आधी तेच काम गच्चीवर मी केलेलं होतं.

गच्ची, रविवार

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात सतरंजी घातली. सात पोरं होती. मी तिची पाचवी खेळी मांडली आणि सांगितलं, मी काळा, तुम्ही सगळे मिळून पांढरे. आणि एक अट: मी वजीर घेणार नाही.

“मग काय मजा?” सर्वांत धाकट्यानं विचारलं.

मी घोड्यानं घोडा खाल्ला. सगळे गप्प. कोणी उंट हलवून बघितला, कोणी एफ३ खेळून उंटाला हाकललं. पण गेलेला घोडा काही परत येईना. मी तसंच सोडलं. उत्तर सांगायची घाई शिक्षकाला नडते. मला तर आधीच नडलेली होती.

दहा मिनिटांनी तीच म्हणाली, “सर, हा उंट जी४वर नसता आणि एच५वर असता तर?”

“का?”

“एच५ला घोड्याचा जोर नाही पोचत.”

बरोबर. ई५वरचा काळा घोडा जी४ राखतो, एच५ राखत नाही. मग पाचव्या खेळीला आधी प्यादं एच३ खेळून उंटाला विचारायचं, जातोस की मारतोस? तो एच५वर सरकला, की सहाव्या खेळीला घोडा ई५. आता पुन्हा तीन उत्तरं तपासू.

वजीर खाल्ला: तीच मात, एक खेळी उशिरा. प्याद्यानं घोडा खाल्ला: पांढरा वजीर एच५चा उंट घेतो, एक प्यादं वर. घोड्यानं घोडा खाल्ला: पांढरा वजीर एच५चा उंट घेतो. तेवढ्यात काळा घोडा सी४चा उंट मारतो. इथं पोरांचे चेहरे पुन्हा पडले, कारण बरोबरीचा सौदा झाल्यासारखा वाटला. तिनं वजिरावर बोट ठेवलं आणि पाचव्या आडव्या रांगेतून घरं मोजत डावीकडं नेलं. जी५. एफ५. ई५. तिथं बोट थांबलं.

“इथं घोडा होता.”

“आता कुठं आहे?”

“सी४वर. उंट खायला गेला.” बोट पुढं सरकलं. डी५. सी५. बी५. तिथून तिरपं वर बघितलं: सी६ रिकामं, डी७ रिकामं, ई८वर राजा. “शह! आणि सी४चा घोडा पण!”

वजीर बी५वरून राजाला शह देतो आणि त्याच वेळी सी४च्या घोड्यावर मारा करतो. राजाची सोय लागेपर्यंत घोडा जातो. सगळी मारामारी संपल्यावर पांढऱ्याचं एक प्यादं जास्त. फार मोठं काही नाही, पण घोड्यानं खाली जाण्यापेक्षा पुष्कळच बरं. ज्या घोड्यानं काल डाव बुडवला, त्याच घोड्याला आता स्वतःच्या हातानं वाट मोकळी करून द्यावी लागते. एच३ हे एक घर पुढं सरकलेलं प्यादं. कालच्या आणि आजच्या हिशोबात फरक तेवढाच.

धाकट्याला अजून शंका होती. “उंट एच५ला गेलाच नाही, त्यानं एफ३चा घोडाच मारला तर?”

तर वजीर द्यायचा प्रश्नच मिटला. वजिरानं एफ३ला परत मारायचं, उंटांची जोडी आपल्याकडं राहते, आणि वजीर-उंट दोघांचीही नजर एफ७वर. मी गंमत म्हणून काळ्याकडून घोडा डी४ खेळलो, वजिरावर मारा करत. धाकट्यानं वजीर मागं घ्यायला हात उचलला आणि तसाच ठेवला. मग एफ७वर नेऊन आपटला. मात. त्या सकाळचा ‘ओऽऽ’ त्याला मिळाला, आणि वजीर देण्याची गरजच पडली नाही.

शह देऊन दिलेला आणि न देता दिलेला

या प्रकरणातून मी माझ्यापुरती एक वर्गवारी केली, ती आता शिकवताना आधी सांगतो.

काही वेळा वजीर शह देऊन दिला जातो. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात, बॉक्समध्ये बसून, अमेरिकेच्या पॉल मॉर्फीनं ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर या जोडगोळीविरुद्ध सोळाव्या खेळीला वजीर बी८वर नेला. शह. तो घोड्यानं खाण्याशिवाय काळ्याला दुसरी खेळीच नव्हती. घोडा गेला, डी८ उघडं पडलं, हत्तीनं मात. इथं ‘घेईल का?’ हा प्रश्न उठत नाही. घ्यावाच लागतो.

लेगालच्या डावात घोडा ई५ मारतो तेव्हा शह नसतो. समोरचा मोकळा आहे. तो वजीर घेऊ शकतो, घोडा घेऊ शकतो, वाटलं तर आणखी काही करू शकतो. अशा ठिकाणी मात झाल्याचं चित्र शेवटी बघायचं. आधी बघायचं न घेतल्यावर आपण कुठं उभे राहतो ते.

पुढं विश्वविजेता झालेला बॉबी फिशर तेरा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या मुलीहून एकच वर्षानं मोठा, तेव्हा १९५६ मध्ये न्यूयॉर्कला डोनाल्ड बर्नविरुद्ध त्यानं सतराव्या खेळीला उंट ई६वर नेला आणि वजीर मरायला ठेवला. शह नव्हता. बर्ननं वजीर घेतला, फिशरला बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि प्यादं मिळालं, आणि एक्केचाळिसाव्या खेळीला मात झाली. बर्नचा वजीर तेव्हाही पटावर होता, बी८वर, कुणाच्याच उपयोगाचा नाही. हे सगळे सांगतात. मी पोरांना दुसरी बाजू दाखवतो: बर्ननं वजीर न घेता तो ई६चा उंट खाल्ला असता तर? तर फिशरचा वजीर बी५वरून शह देतो, घोडा शह देतो, मग दुहेरी शह, आणि शेवटी वजीर एफ१वर जाऊन पुन्हा मरायला उभा. या वेळी शह देऊन. हत्तीनं तो खाल्ला की घोड्यानं मात, राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला. म्हणजे वजीर घेतला नाही तरी फिशर तो देणारच होता, आणि घ्यायला लावणार होता. ती ओळ पटावर आलीच नाही. पण ती नसती तर सतरावी खेळी आमच्या पाचव्या खेळीसारखीच ठरली असती.

हे सांगितल्यावर मुलगी बराच वेळ पटाकडं बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे त्याला पण काका भेटले असते तर चाललं असतं.”

फेब्रुवारी

यापुढचा भाग मी लिहिणार नव्हतो, कारण त्यातून काय सिद्ध होतं हे मला नीट सांगता येत नाही. पण घडलं ते घडलं.

दोन महिन्यांनी दुसरी स्पर्धा. चौथ्या फेरीत तिच्यासमोर एक कॉलेजचा मुलगा, काळी मोहरी. त्याचा राजा एच८वर कोपऱ्यात, समोर जी७ आणि एच७ची प्यादी, शेजारी हत्ती एफ८वर. वजीर दूर बी२वर, एक प्यादं गिळून बसलेला. तिचा वजीर सी४वर, तिरप्या रेषेत जी८कडं बघत. तिनं घोडा एफ७वर नेऊन शह दिला. त्यानं हत्तीनं घोडा खाल्ला असता तर हत्ती गेला असता, म्हणून तो राजा जी८वर घेऊन बसला. तिनं घोडा एच६वर उडवला. दुहेरी शह, घोड्याचाही आणि वजिराचाही. राजा पुन्हा एच८.

आता एकच खेळी आहे, आणि ती १४९७ मध्ये छापलेल्या, स्पेनच्या लुसेनाच्या बुद्धिबळावरच्या पुस्तकातही आहे: वजीर जी८. शह. राजाला तो खाता येत नाही, कारण एच६चा घोडा जी८ राखतो. हत्तीनं खावा लागतो. हत्ती जी८वर आला की राजाचं शेवटचं घर बुजलं, आणि घोडा एफ७वर परत येऊन मात. गच्चीवर हे आम्ही पन्नास वेळा केलं असेल. झोपेत उठवलं तरी करेल ती.

तिच्या घड्याळात चार मिनिटं होती. ती हात मांडीखाली घालून बसली आणि बसूनच राहिली. तीन मिनिटं. अडीच. दोन. मी भिंतीपाशी, घामाघूम, फेब्रुवारीत. समोरचा मुलगा आधी पटाकडं बघत होता, मग तिच्याकडं, मग छताकडं. एक मिनिट राहिलं तेव्हा तिनं हात बाहेर काढला आणि वजीर जी८वर ठेवला.

त्यानं हत्तीनं उचलला. तिनं घोडा ठेवला. त्यानं हात पुढं केला.

बाहेर आल्यावर मी विचारलंच. “तीन मिनिटं काय करून राहिली होतीस? पाठ आहे ना तुला?”

“न घेतला तर काय, ते बघत होते.”

“आणि?”

“घ्यावाच लागतो, सर. दुसरी खेळीच नाही. तीनदा तपासलं.”

शह देऊन दिलेल्या वजिराला हा प्रश्न लागत नाही, हे मी तिला डिसेंबरातच सांगितलं होतं. पुन्हा सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून मफलर आला. ते काका. तेही खेळायला आले होते, फेब्रुवारीतही गळ्यात तोच.

“काय पोरी, आज पण वजीर दिला म्हणे?”

“दिला.”

“आणि घेतला त्यानं?” काकांनी डोळे मोठे केले. “कोण बे तो? जरा दाखव मला.”

तिनं स्कोअरशीट पुढं केली. काकांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकानं पुसला, लावला, आणि कागद उन्हाकडं धरून खाली वाचत गेले.

“हां,” म्हणाले. “शह देऊन दिला होय.”